घर विकण्याआधी कमी खर्चात काय करावं : कोल्हापुरातला माझा अनुभव

बैठं घर विकायला काढायचं ठरल्यावर जो तो सांगत होता, ‘रंग मारून घ्या.’ मी रंग मुद्दाम मागं ठेवला. कोल्हापुरात घर बघायला येणारा माणूस आधी मान वर करून स्लॅब बघतो, मग बाथरूमच्या पाठीमागची भिंत. तिथं ओल दिसली की पुढचं बोलणं भाव पाडण्याचंच. म्हणून पहिला पैसा गच्चीवर घातला.

हे काम दिवाळीनंतर, वळवाच्या आधी उरकायचं. अख्खा कोबा (स्लॅबवरचा सिमेंटचा थर) उखडायची गरज नसते. ठोकून बघायचा, जिथं पोकळ वाजेल तेवढाच काढून भरायचा. भेगेवर नुसतं वॉटरप्रूफ कोटिंग फिरवलं तर उन्हात स्लॅब तापून भेग हलते आणि थर नेमका तिथंच फाटतो. त्यामुळं मी प्रत्येक भेग ग्राइंडरनं साधारण १० मिमी रुंद आणि तेवढीच खोल करून घेतली, धूळ काढून भिजवली आणि पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूनं भरली. कठडा आणि स्लॅबच्या सांध्यात सिमेंटची गोलाई (वाटा) करून तिथं कोटिंगच्या दोन हातांमध्ये फायबरची जाळी दाबली. दुसरा हात पहिल्याला आडवा द्यायचा. पाणी मुरतं ते बहुतेक याच सांध्यातून आणि पावसाळी पाइपच्या तोंडातून. थर पुरता वाळल्यावर पाइपला बोळा घालून गच्चीत दोन इंच पाणी ४८ तास कोंडलं आणि खालून स्लॅब तपासला. मिस्त्रीचे शेवटचे पैसे या चाचणीनंतरच द्यावेत.

भिंत वाळली का, हे हात लावून कळत नाही. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवायचा. आतल्या बाजूला थेंब जमले तर भिंतीत पाणी आहे, बाहेरच्या बाजूला जमले तर तो हवेतला दमटपणा. कोरडी झाल्यावरच पोपडे खरवडायचे. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेला पांढरा क्षार, कोरड्या ब्रशनं झाडायचा. पाण्यानं धुतला तर क्षार विरघळून परत भिंतीत जातो. पुट्टीचे दोन हात मिळून दीड मिमीच्या वर नकोत, जाड थर पापडीसारखा सुटतो. मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर आणि फिक्या इमल्शनचे दोन हात.

बाथरूमच्या टाइल्स फोडल्या नाहीत. सांध्यातलं काळं पडलेलं सिमेंट दोन-तीन मिमी कोरून काढलं आणि एपॉक्सी ग्राउट भरलं. ते अर्ध्या-पाऊण तासात आवळतं, म्हणून थोडं थोडंच कालवायचं. टाइलवर राहिलेला पातळ थर लगेच पुसायचा, दुसऱ्या दिवशी तो निघता निघत नाही. नहाणी ट्रॅपची जाळी बदलली, नळांचे वॉशर बदलले. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवला. त्याचं टेस्टचं बटण दाबून दाखवलं की गिऱ्हाईक वायरिंगबद्दल फारसं विचारत नाही.

पीओपी सीलिंग आणि मॉड्युलर किचनवर पैसे घातले नाहीत. किचन नवा मालक आपल्या सोयीनं करतो, आणि जुन्या घरात नवं कोरं सीलिंग दिसलं की वर गळती झाकलीय की काय, असा संशय येतो.

प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरफाळा आणि पाणीपट्टीच्या चालू पावत्या एका फायलीत लावून ठेवल्या. मागं काढलेली खोली नकाशात नसेल तर तिला टाइल्स लावून काही मिळत नाही. गिऱ्हाईक कर्ज काढणारं असेल तर तिथंच अडतं.

२०१९ आणि २०२१ च्या पुराचं मात्र हमखास विचारतात. ज्यांच्या घरात पाणी आलं होतं त्यांनी भिंतीवरची खूण रंगाखाली दडपू नये, शेजारी सांगतातच. त्यापेक्षा स्विचबोर्ड, मीटर आणि पाण्याच्या मोटरीचं कनेक्शन त्या खुणेच्या वर घ्यावं आणि ते आपणहून दाखवावं.