पेटीवर नाव नाही

जर्मनीत एक सेमिस्टर एक्स्चेंजला जाऊन आले म्हटलं की लोक तीनच प्रश्न विचारतात. थंडी सोसली का, भाषा जमली का, जेवणाचं काय केलंस? थंडी सोसली, भाषा अर्धीमुर्धी जमली, कुकर सोबत नेला होता. मला छळलं ते जिन्याखालच्या पत्राच्या पेटीनं, आणि तेही पाच आठवडे. अजून आठवलं की डोकं फिरतं.

व्हिसा, विमान, विद्यापीठातली नावनोंदणी हे सगळं सुरळीत झालं, म्हणून त्यातलं फारसं आठवतही नाही. व्हिसासाठी लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, दरमहा 992 युरोच्या हिशेबानं सहा महिन्यांचे 5,952 युरो आधीच भरून ठेवावे लागले, त्यासाठी बाबांनी एफडी मोडली, हे मात्र पक्कं लक्षात आहे. हे पैसे एकदम हातात मिळत नाहीत. तिथं गेल्यावर साधं बँक खातं उघडायचं, मग दर महिन्याचा हप्ता त्यात येतो.

राहायला शेअर्ड फ्लॅटमधली एक खोली मिळाली. तिची मूळ भाडेकरू मुलगी स्वतःच सहा महिने स्पेनला एक्स्चेंजला गेली होती. बाकी दोन खोल्यांत दोन जर्मन मुली. पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ते करायचं असा कायदा आहे. त्याला भाडेकरार चालत नाही. घर देणाऱ्यानं सही केलेला वेगळा फॉर्म लागतो, ज्याचं नाव मला सहा महिन्यांत एकदाही न अडखळता म्हणता आलं नाही. स्पेनवाली मुलगी निघण्याआधी तो भरून टेबलावर ठेवून गेली होती, देव तिचं भलं करो.

22 सप्टेंबरला बँकेचं खातं उघडलं. ऑनलाइन, वीस मिनिटांत. मी घरी फोन करून फुशारक्याही मारल्या. मग कळलं की खातं उघडलं तरी अॅप चालू करायचा कोड पत्रानं येतो. कार्ड दुसऱ्या पत्रानं, आणि कार्डाचा पिन तिसऱ्या पत्रानं. ठीक आहे म्हटलं, आठवडाभराचा प्रश्न आहे.

आठवडा गेला, पत्र नाही. 3 ऑक्टोबरला जर्मन एकीकरणाची सुट्टी, म्हणून आणखी दोन दिवस वाट पाहिली. मग फोन केला. अर्धा तास संगीत ऐकवून एक गृहस्थ म्हणाले, पत्र परत आलंय, त्या पत्त्यावर तुम्ही सापडत नाही. मी म्हटलं, सापडत नाही म्हणजे काय, मी त्याच पत्त्यावर बसून बोलतेय. ते म्हणाले, पत्ता खरा असल्याची खात्री करून घ्यावी लागेल. कशी? पत्र पाठवून. कुठं? त्याच पत्त्यावर. मला वाटलं माझंच जर्मन कच्चं आहे, म्हणून हे तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर तेच.

फॉरेक्स कार्डावर 900 युरो नेले होते. त्यातले 290 भाड्यात आणि 290 डिपॉझिटमध्ये पहिल्याच दिवशी गेले. माझ्या नावाचे साडेपाच हजारांवर युरो त्याच देशात पडून होते आणि मी कांदे मोजून घेत होते. आई रोज विचारायची, "पैसे पाठवू का गं?" मी नको म्हणायचे. निव्वळ हट्ट, दुसरं काही नाही. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर तिथं 25 सेंट अनामत असते, दुकानातल्या मशिनमध्ये रिकामी बाटली टाकली की परत मिळते. मैत्रिणींना विचारून घरातल्या कोपऱ्यातल्या 27 बाटल्या नेल्या आणि 6 युरो 75 सेंटची चिठ्ठी मिळाली. त्या दिवशी आणलेल्या तांदळाचा भात इतका गोड लागला म्हणून सांगू!

अखेर मराठी मुलांच्या ग्रुपवर रडगाणं टाकलं. तिथं तीन वर्षं राहिलेल्या एका नाशिकच्या दादाचा लगेच फोन आला.

"अगं, पेटीवर नाव लावलंस का?"

"कुठल्या पेटीवर?"

"संपलं. खाली जा आणि बघ."

खाली जाऊन बघितलं. पेटीवर तीन आडनावं: दोन मैत्रिणींची, एक स्पेनवालीचं. माझं नव्हतं. जर्मन पत्त्यात रस्ता आणि इमारतीचा क्रमांक असतो, फ्लॅटचा क्रमांक नसतोच. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो, नसलं तर पत्र परत. आमच्या सांगलीत 'मारुतीच्या देवळामागं, गिरणीशेजारी' एवढ्यावर पत्र पोचतं, उलट पोस्टमनकाका आजीच्या गुडघ्याचीही चौकशी करतात. त्यामुळं पेटीवर नाव नसलं तर मी अस्तित्वातच नाही, हे माझ्या डोक्यात कसं येणार? आणि पालिका, विद्यापीठ, बँक यांतल्या एकानंही ते सांगितलं नाही. त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नसेल.

वहीचा कागद फाडून ठळक अक्षरात क्षीरसागर लिहिलं आणि चिकटपट्टीनं लावून टाकलं. दोन दिवसांनी कागद गायब. हाउसमाइस्टर म्हणजे इमारतीची देखभाल करणारे आजोबा, त्यांनी काढला होता. "आमच्या इमारतीत चिकटपट्टी लावत नाहीत." सगळ्या पट्ट्या एकसारख्या हव्यात, आणि त्या व्यवस्थापन कंपनीकडून बनून येतात. अर्ज करा. किती दिवस? तीन आठवडे. त्यांच्यासमोर मी रडले नाही, वर येऊन रडले.

दादा म्हणाला, पत्त्यात 'केअर ऑफ' लिहून स्पेनवालीचं आडनाव टाक. हा खरा उपाय आहे, तुम्ही खातं उघडतानाच करा. मला मात्र बँकेनं सांगितलं की पत्त्यात बदल करायचा तर जुन्या पत्त्यावर... पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

मग मी जिन्यात जाऊन बसले. आमच्याकडं पोस्टवाली बाई साडेअकराच्या सुमारास पिवळ्या सायकलवरून यायची. पहिल्या दिवशी चुकामूक झाली, दुसऱ्या दिवशी गाठलं. पासपोर्ट दाखवला, आनमेल्डुंगचा कागद दाखवला, मोडक्या जर्मनमध्ये सगळी कहाणी सांगितली. तिनं आडनाव दोनदा वाचलं, ओठांनी पुटपुटून पाठ केलं आणि म्हणाली, आलं की टाकते. बस्स. ना फॉर्म, ना अर्ज.

त्या पेटीत माझ्या नावाचं पहिलं पत्र आलं ते बँकेचं नव्हतं. रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीचं होतं, दरमहा 18 युरो 36 सेंट. घाबरू नका, ही वर्गणी घरामागे एकच असते, घरातलं कुणी भरत असेल तर त्यांचा वर्गणी क्रमांक कळवायचा. मी घाबरले होते. बँकेची तिन्ही पत्रं पुढच्या आठवड्यात आली, शेवटचं 29 ऑक्टोबरला. त्या संध्याकाळी मी सगळ्यांना पिठलं-भात खायला घातला. पिठल्याला एक मैत्रीण 'पिवळी पुडिंग' म्हणाली, तेही चालवून घेतलं.

आणखी एक, आधीच सांगायला हवं होतं. तिथं लेक्चरला बसणं आणि परीक्षेला नाव नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात. परीक्षेची नोंदणी मुदतीत स्वतः करायची, नाहीतर सेमिस्टरभर बसून काही उपयोग नाही. वेळापत्रकात दहाच्या पुढं 'सी.टी.' लिहिलं असेल तर लेक्चर सव्वादहाला सुरू होतं, पहिला आठवडा मी रिकाम्या वर्गात एकटी बसले. आणि गुण 1.0 ला सर्वांत चांगले. माझे 1.7 ऐकून बाबा फोनवर गप्पच झाले होते, आधी समजावून ठेवा.

पेटीवरची अधिकृत पट्टी नोव्हेंबरच्या मध्यात लागली. छान कोरीव, बाकीच्यांसारखीच, फक्त आडनावातला शेवटचा 'र' खाल्लेला. दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तीन आठवडे. मी म्हटलं, राहू दे.

मार्चमध्ये परत आले. परवा मैत्रिणीनं फोटो पाठवला. बँकेचं पत्र, माझं खातं बंद झाल्याचं कळवणारं, अगदी अचूक त्या पेटीत पडलेलं. माझी 'क्षीरसागा' पट्टी अजून जागेवरच आहे. आजोबांना म्हणे ती काढायला अर्ज हवाय.