हातगाडी ओढायला कशाला गेलात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्याच्या नणंदेपासून इथल्या मंडळातल्या बायकांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच: "तुम्ही काही त्यांच्या धर्माच्या नाही, मग लेकीला घेऊन वायोमिंगच्या माळावर हातगाडी ओढायला कशाला गेलात?"

खरं सांगायचं तर त्यांना नर्स हवी होती. आम्ही युटामध्ये राहतो. आमची अख्खी गल्ली लॅटर-डे सेंट्सची, म्हणजे ज्यांना आपण सगळे मॉर्मन म्हणतो त्यांची. त्यांच्या चर्चची 14 ते 18 वयाची मुलं साधारण चार वर्षांनी एकदा 'ट्रेक'ला जातात, म्हणजे पूर्वजांच्या प्रवासाची आठवण म्हणून हातगाड्या ओढत चालतात. लेकीच्या सगळ्या मैत्रिणी निघाल्या, तिलाही बोलावणं आलं, आणि पाठोपाठ मलाही.

थोडा इतिहास. 24 जुलै 1847 ला या चर्चचे पुढारी ब्रिगम यंग युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. त्या दिवशी युटात अजून सुट्टी असते. मुलं ओढतात त्या गाड्या मात्र नंतरच्या, 1856 पासूनच्या. युरोपातून आलेल्या गरीब लोकांसाठी बैल आणि वॅगन घ्यायला पैसा पुरेना, म्हणून आयोवा सिटीपासून सॉल्ट लेकपर्यंतचे सुमारे 2100 किलोमीटर सामान हातगाडीवर टाकून पायी. मोठ्या माणसाला 17 पौंड सामान, म्हणजे आठ किलोसुद्धा नाही. त्या वर्षी विली आणि मार्टिन यांच्या तुकड्या उशिरा निघाल्या. गाड्यांचं लाकूड ओलं, ते कोरड्या हवेत आकसून चाकं निखळू लागली. ऑक्टोबरात वायोमिंगमध्ये बर्फाने गाठलं. दोन्ही तुकड्या मिळून दोनशेहून जास्त माणसं गेली.

"म्हणजे तिकडची वारीच की!" असं नणंद म्हणाली. मला नाही पटत. वारीत शेवटी पांडुरंग भेटतो. इथे भेटायला कोणी नाही, तुम्ही फिरून परत बसपाशीच येता. तुलनाच करायची तर पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेशी करा. जुलैच्या पावसात, चिखल तुडवत, जिथे कोणी जीव दिला त्या वाटेने मुद्दाम चालायचं. कॉलेजात असताना मी ती केली आहे, त्यामुळे ट्रेकचं मला फारसं नवल वाटलं नाही.

आम्ही गेलो वायोमिंगमधल्या मार्टिन्स कोव्हला, मार्टिनची तुकडी बर्फात अडकली होती तिथे. उंची सहा हजार फुटांच्या आसपास, सावली नावालाही नाही. फोन घरी. मुलींना लांब स्कर्ट आणि बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली बांधायची जुनी टोपी, मुलांना गॅलिसची पँट. प्रत्येकाचं सामान एका प्लास्टिकच्या बादलीत, तीच रात्री बसायला. दहा-बारा मुलांचं एक 'कुटुंब', त्यांना एक जोडपं 'मा' आणि 'पा' म्हणून. माझा मुक्काम टाचांपाशी. नव्या बुटांनी उठलेले फोड, आणि फोडाभोवती लावायला मधोमध भोक पाडलेली मोलस्किनची, म्हणजे जाड चिकट कापडाची, चकती. ती कापून कापून माझ्याच बोटाला घट्टा पडला.

एका चढावर मुलग्यांना बाजूला काढतात आणि गाड्या मुलींनीच ओढायच्या असतात. 1846 मध्ये या लोकांतले पाचशेच्या आसपास पुरुष अमेरिकी सैन्यात गेले, त्याची ही आठवण. पण तेव्हा हातगाड्या नव्हत्याच, त्या दहा वर्षांनी आल्या! ही सरमिसळ मला खटकली. तरी चढ चढ होता. लेकीच्या स्कर्टची किनार चाकात अडकून टरकन फाटली, तिने उरलेली कंबरेत खोचली आणि परत दांड्याला छाती लावली. दोन्ही बाजूंना मुलगे टोप्या काढून उभे, हात लावायची परवानगी नाही. त्यातला एक हमसून रडत होता.

मला जे सांगायचंय ते त्या रात्रीचं आहे. शेकोटीपाशी लीवाय सॅवेजची गोष्ट निघाली. ऑगस्टमध्ये, नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला मुक्काम असताना विलींच्या तुकडीतला हा माणूस उभा राहून म्हणाला होता, हिवाळा इथेच काढू, पुढे गेलो तर म्हातारीकोतारी मरतील. बहुमत पुढे जायचं पडलं. मग तोही त्यांच्याबरोबर निघाला, आणि शेवटपर्यंत राबला. गोष्ट सांगणाऱ्याचा भर या निष्ठेवर. तेवढ्यात एका पोराने विचारलं, "पण त्याचं ऐकलं का नाही?"

वर्गात हा प्रश्न आला असता तर गोडीगुलाबीने गुंडाळला गेला असता. इथे सगळ्यांचे पाय ठणकत होते. त्या कुटुंबाचा 'पा' एरवी प्लंबर. तो म्हणाला, "पुढाऱ्यांना वाटलं देव हवामान सांभाळेल. मला विचारशील तर त्यांचं चुकलं." मग त्याने पुढचंही सांगितलं: बातमी पोचल्यावर ब्रिगम यंगनी ऑक्टोबरच्या परिषदेत प्रवचनं बाजूला ठेवून आधी वॅगन, खेचरं आणि पीठ मागितलं, आणि दोन दिवसांत मदत निघालीसुद्धा. मुलं बराच वेळ वाद घालत होती. आपल्याच लोकांनी केलेली चूक आणि आपल्याच लोकांनी केलेली धावपळ, दोन्ही एका दमात बोलणारी पोरं मला घरच्या कुठल्याही उत्सवात क्वचित दिसतात. लेकीला तिथे बसवायचं होतं, म्हणून गेले.

तिचा धर्म बदलेल का, हाही प्रश्न येतोच. ती परत आल्यावर आधी वरणभात मागितला, मग फोन.

तुमच्या मुलांना बोलावणं आलं तर बूट महिनाभर आधी घालून मऊ करा, सुती मोजे नकोत, आणि स्कर्ट घोट्याच्या वर चार बोटं शिवा.