भिंत हलती ठेवायची: वर्गातल्या चित्रांची यंदाची नोंद

वर्गात मुलांची चित्रं टांगायची सोय केली, तिचा आधी खर्च सांगते, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली), गिट्ट्या, स्क्रू, तार ताणायचे दोन टर्नबकल आणि लाकडी चिमटे, एवढंच विकत आणलं आणि ते हजार रुपयांच्या आत बसलं. बाकी सगळा माल गावातल्या घरांतून आणि किराणा दुकानातून आला. शाळा पाटण तालुक्यातली, द्विशिक्षकी, पहिली ते चौथीची. ज्यांच्याकडे मोठा हॉल आणि सॉफ्टबोर्ड आहेत त्यांना यातलं निम्मं लागणार नाही. पण डिस्टेंपरच्या भिंती आणि चार महिने पाऊस ज्यांच्या वाट्याला आहे, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

जून

भिंतीला काहीही चिकटवायचं नाही, हा यंदाचा पहिला निर्णय. डिस्टेंपरवर टेप धरतच नाही. रंगाची भुकटी टेपला लागून येते आणि चित्र दुसऱ्या दिवशी जमिनीवर. शिवाय टेप काढताना कागदाचा कोपरा फाटतो. मुलाने दोन तास बसून काढलेल्या चित्राचा कोपरा फाटलेला मला बघवत नाही.

म्हणून लांब भिंतीवर दोन तारा ओढल्या. ड्रिलने भोक, त्यात प्लॅस्टिकची गिट्टी, त्यात हुकाचा स्क्रू. दर पाच फुटांवर एक हुक हवाच, नाहीतर चिमट्यांच्या वजनाने तार मध्ये झोल खाते. एका टोकाला टर्नबकल लावलं की ढिली पडलेली तार नुसतं पिळून ताणता येते. बांधकामाची बाइंडिंग तार फुकट मिळत होती, पण ती पावसाळ्यात गंजते आणि कागदावर तांबूस डाग पडतात. नायलॉनची दोरी लोंबते. जीआयच घ्या.

उंचीबद्दल माझं मत ठाम आहे. संग्रहालयांत चित्राचा मध्य साधारण पावणेपाच फुटांवर ठेवायची पद्धत आहे, आणि ती मोठ्या माणसांच्या नजरेसाठी आहे. पहिलीतलं पोर पावणेचार फुटांच्या आसपास. त्याचं चित्र फळ्याच्या वर टांगलं, तर ते पाहुण्यांना दिसतं, त्याला नाही. आमची वरची तार चार फुटांवर आहे, खालची पावणेतीन फुटांवर. मोठ्यांना थोडं वाकावं लागतं. वाकू देत.

जुलै, ऑगस्ट

या दोन महिन्यांत कागद नुसता गुंडाळतो. यावर सगळ्यात उपयोगी पडल्या त्या लग्नपत्रिका. लग्नसराई नुकती संपलेली, प्रत्येक घरात गठ्ठा पडलेला. जाड पत्रिकेच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून चित्राच्या मागून वरच्या आणि खालच्या कडेला लावल्या, की कागद ताठ राहतो आणि चिमट्याचा वळही चित्रावर उमटत नाही. सोनेरी छपाईची बाजू आत, कोरी बाहेर. चौकट करायची असेल तर खालची कड वरच्यापेक्षा थोडी रुंद ठेवा. चारही बाजू सारख्या ठेवल्या तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं.

चिकटवायला मैद्याची खळ. पुस्तकांचे बाइंडिंगवाले त्यात मोरचूद घालतात, म्हणजे कसर आणि झुरळं लागत नाहीत. पण मोरचूद विषारी, आणि आमची पोरं खळीत कोपरापर्यंत हात घालतात. त्यामुळे लागेल तेवढीच ताजी खळ शिजवायची आणि पट्ट्यांना अगदी पातळ लावायची. पावसाचा मारा बसतो त्या भिंतीवर या दिवसांत काहीच टांगलं नाही. तारेमुळे चित्र भिंतीपासून सुटं राहतं, मागून हवा खेळते, म्हणून बाकीच्या भिंतींवर बुरशी धरली नाही.

सप्टेंबरपासून पुढे

तारेवर मातीकाम आणि पानांचे ठसे बसत नाहीत, त्यासाठी बोर्ड हवा होता. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि मला तो तसाही आवडत नाही. किराणा दुकानातले तेलाचे खोके उघडून सपाट केले. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या एका थरात उभ्या आणि दुसऱ्यात आडव्या येतील असे दोन थर चिकटवले आणि वर विटा ठेवून वाळवले. असा बोर्ड वाकत नाही. वरून जुनी सुती साडी ताणून मागे शिवली. साडी फिक्या, साध्या रंगाची घ्या. नक्षीच्या साडीवर चित्र हरवतं.

आता मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट: चित्राखालची चिठ्ठी. नाव आणि इयत्ता लिहून मी थांबत नाही. मूल चित्राबद्दल जे सांगतं ते एक वाक्य, त्याच्याच बोलीत, जसंच्या तसं लिहिते. दुसरीतल्या एका मुलीने म्हैस काढली होती आणि तिच्या पोटात आणखी एक लहान म्हैस. बघणारे "हे काय गं?" म्हणून हसायचे. तिने सांगितलेलं खाली लिहिलं, "आमची म्हस गाभण हाय. रेडकू आत झोपलंय." त्यानंतर कुणी हसलं नाही. तिचे वडील ते वाक्य वाचून चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. या वयात मुलं डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा त्यांना जे ठाऊक असतं ते काढतात. चिठ्ठीशिवाय ते मोठ्यांपर्यंत पोचत नाही.

दुसरा नियम, प्रत्येक मुलाचा स्वतःचा चिमटा. त्यावर नाव. चिमटा कधी रिकामा राहत नाही आणि कोणतं चित्र लावायचं ते मूल ठरवतं. मी "चांगली" चित्रं निवडत नाही. फक्त निवडक पाच-सहा चित्रं वर्षभर लावून ठेवली, की उरलेली मुलं चित्रं काढणं हळूहळू सोडतात. हे मी बऱ्याच शाळांत पाहिलं आहे. तार चार फुटांवर असल्यामुळे आमची मुलं चित्र स्वतःच बदलतात, मला विचारतसुद्धा नाहीत. उतरवलेलं चित्र ज्याच्या त्याच्या नावाच्या साडीच्या खोक्यात जातं.

खिडकीजवळच्या चिमट्यांवर स्केचपेनची चित्रं लावू नका, उन्हाने रंग लवकर उडतो. तेलखडू तिथे बरे टिकतात.

सध्या

स्नेहसंमेलनासाठी पडवीत मांडणी चालू आहे. पुठ्ठ्यांवर गेरू फासून चौथीची मुलं वारली पद्धतीने गावचा ओढा, गिरणी आणि एसटीचा थांबा काढताहेत. त्याआधी त्यांना जिव्या सोमा म्हशे यांच्याबद्दल सांगितलं. घराच्या भिंतीवरची कला कागदावर नेणारे, 2011 साली पद्मश्री मिळालेले. गेरूत थोडा फेव्हिकॉल घातला तर हाताला रंग लागत नाही. पडवीत भोकं पाडता येणार नाहीत, म्हणून चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, तीन-तीन काठ्या सुतळीने बांधून तिकाटणी करतोय. दोन उभी राहिली आहेत, पण वाऱ्याने सरकतात. पायांशी वाळूच्या पिशव्या बांधून पाहणार आहे.