मास्क वाटले की जबाबदारी संपली का?

कारखान्यांत सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायला गेलो की हा प्रश्न ठरलेला. मालक म्हणतात, "मास्क वाटले, रजिस्टरवर सह्या घेतल्या. आता आमच्यावर काही येत नाही ना?" कामगार मात्र बाजूला घेऊन हळूच विचारतो, "मास्कचे पैसे पगारातून कापतात, ते चालतं का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

कामगाराला उत्तर देणं सोपं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८१ चा १५५ क्रमांकाचा करार सांगतो की सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये. २०२२ मध्ये हा करार मूलभूत करारांत धरला गेला. दंड किती, शिक्षा काय, हे मात्र ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो.

मालकांचा प्रश्न जास्त खोल आहे, कारण त्यांनी सुरुवातच शेवटच्या पायरीपासून केलेली असते. आधी धूळ उडणारच नाही असं बघायचं: दगड किंवा टाइल कापताना पात्यावर पाणी सोडायचं, उडालीच तर तिथल्या तिथे खेचून घेणारा एक्झॉस्ट बसवायचा, त्या जागी माणसं कमी आणि कमी वेळ ठेवायची. एवढं करून जे उरेल, त्यासाठी मास्क. पण एक्झॉस्टला खर्च येतो आणि मास्कचं खोकं स्वस्तात मिळतं, हे काय मला कळत नाही?

बरं, मास्क तरी कोणता? कोविडच्या वेळचे कापडी मास्क मुख्यतः घालणाऱ्याच्या तोंडातले थेंब अडवायला होते. तेच उरलेले मास्क ग्राइंडिंगच्या कामावर दिलेले मी पाहिलेत. एन-९५ बारीक कणांपैकी निदान ९५ टक्के अडवतो, पण त्याच्या कापडातून जाणाऱ्या हवेतलेच. पाळी संपल्यावर मास्क काढलेल्या माणसाचा चेहरा बघा. नाकाच्या दोन्ही बाजूंनी गालावर धुळीचा करडा पट्टा उतरलेला असेल, तर हवा तिथूनच आत शिरत होती. नाकावरची पट्टी दाबलेली नसते, खालचं इलॅस्टिक मानेमागे न घेता हनुवटीखाली लोंबत असतं, नाहीतर दाढीचे खुंट मास्क चेहऱ्याला चिकटूच देत नाहीत. म्हणून मास्क प्रत्येकाच्या चेहऱ्यावर बसतो का, हे तपासून द्यावा लागतो. आणि रंगाच्या फवारणीत थिनरची वाफ एन-९५ मधून सरळ आत जाते. तिथे कार्ट्रिजवाला, म्हणजे वाफ शोषून घेणारी डबी लावलेला मास्कच लागतो.

सह्यांचं रजिस्टर ठेवा, जरूर ठेवा. त्यातून वाटप झालं एवढंच सिद्ध होतं. धूळ मोजली का, हाच मास्क का निवडला, लावायला कोणी शिकवलं, खराब झाल्यावर नवीन कुठे मिळतो, हे तपासणीला आलेला अधिकारी त्यानंतर विचारतो.

"पण लोक घालतच नाहीत हो!" खरं आहे, आणि दिलेलं साधन वापरणं हे कामगाराचंही कर्तव्य आहे. तरी ओरडण्याआधी दोन-तीन मापांचे, वेगवेगळ्या बनावटीचे मास्क आणून बघा, आणि धुळीपासून लांब, मास्क उतरवून श्वास घेता येईल अशी विश्रांती द्या. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.