डावीकडचं शेवटचं पीस

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि मला आधी सर आठवले. आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं की ते विज्ञानाचे सर, हे सातारकरांना सांगायला नको. बाकीच्या गुरुजनांनीही भरभरून दिलं, पण मी लिहिणार आहे ते सरांबद्दलच.

१९८६ सालची आठवी ब. जानेवारीत मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ मला एक राखाडी पीस सापडलं. टोकाला रुंद काळा पट्टा. त्या दिवसांत अजिंक्यताऱ्याच्या उतारावर एक केस्ट्रेल, म्हणजे छोटा ससाणा, हवेत एकाच जागी पंख मारत थांबलेला दिसायचा. पीस त्याचंच, अशी माझी खात्रीच झाली. धावत प्रयोगशाळेत गेलो आणि म्हणालो, "सर, ससाण्याचं पीस!"

सरांनी ते हातात घेतलं, पण नाव काही सांगितलं नाही. "नराच्या शेपटीला असाच काळा पट्टा असतो, तू नीट बघितलंयस," एवढंच म्हणाले आणि फूटपट्टी पुढे केली. साडेबारा सेंटिमीटर. "त्याची शेपूट याहून चांगली लांब. आणि काळ्या पट्ट्यापुढे पांढरी किनार असते. इथे आहे का?" नव्हती. पांढरं होतं ते एका कडेला, देठाकडच्या बाजूला. मग सरांनी पीस माझ्या काळ्या पाटीवर हलकेच घासलं. पाटीवर पिठासारखी पांढुरकी पूड उतरली. ती पूड अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

सर मला व्हरांड्यात घेऊन गेले. वर कौलांखालच्या वाशांवर पारवे घुमत होते. "उतरताना शेपूट बघ," म्हणाले. घंटा झाली तरी आम्ही मान वर करून उभेच. एक पारवा वाशावर उतरला आणि त्याने शेपटीचा पंखा उघडला. टोकाला सलग काळा पट्टा, दोन्ही कडांच्या शेवटच्या पिसांना पांढरी किनार. बारा पिसांपैकी माझ्या हातातलं कुठलं, तेही मला कळलं. तरी सर थांबले नाहीत. पीस माझ्या कमरेमागे धरलं, टोक मागे, वरची बाजू आभाळाकडे. "कडेच्या पिसाची अरुंद पाती बाहेरच्या बाजूला असते. इथे ती कुठल्या हाताला?" डाव्या. "मग डावीकडचं शेवटचं."

रोज डोक्यावर घुमणाऱ्या पारव्याला कुणी इतका वेळ देतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आज मी मुंबईत विमानांच्या देखभालीचा अभियंता आहे. इंजिनावर पक्षी आदळला की पात्यांमागे अडकलेले पिसांचे तुकडे आम्ही जपून काढतो. पिसाच्या तळाच्या मऊ तंतूंवर सूक्ष्मदर्शकाखाली गाठी दिसतात, आणि त्यांच्या आकारावरून कबुतराचं कुळ ओळखता येतं. १९६० साली अमेरिकेत बोस्टनला पक्षी इंजिनात शिरून विमान कोसळलं आणि ६२ जण गेले. तेव्हा स्मिथसोनियन संग्रहालयात रॉक्सी लेबर्न यांनी अशाच तुकड्यांवरून ते पक्षी स्टार्लिंग, म्हणजे मैनेच्या कुळातले, असल्याचं ओळखलं होतं. प्रशिक्षणात हे शिकवत होते तेव्हा मला सरांची फूटपट्टी आठवत होती.

मागच्या वर्षी शाळेत आलो होतो. नवी इमारत देखणी आहे, प्रयोगशाळा मोठी आहे. पण कौलं गेली, वासे गेले आणि व्हरांड्याला जाळी लागली. पारव्यांची घाण होते हे खरं, पण मुलांना मान वर करून बघायला तिथे आता काहीच उरलेलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सर गेले तेव्हा मी परदेशी होतो, येऊ शकलो नाही. ती विज्ञानाची वही मात्र मी जपून ठेवली आहे. डिंकाने चिकटवलेलं पीस थोडं विरलंय. खाली सरांच्या लाल शाईत लिहिलंय: 'पारवा. शेपूट, डावे, बाहेरचे. बरोबर.' मेळाव्याला येताना वही घेऊन येतो आहे. काकूंना दाखवायची आहे.