नव्या बेसचा सहावा फ्रेट

खोका उघडला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते, बाबा झोपले होते म्हणून ॲम्प म्हणजे स्पीकर लावता येईना, मग मी नवी बेस गिटार नुसतीच मांडीवर घेऊन बसले आणि तशीच हळूहळू वाजवत राहिले. सनबर्स्ट रंग, पॉलिशचा वास, हाताला लागलेला तारांचा वास. तीन वर्षं मित्राची बेस गिटार वापरत होते, त्याच्या भाच्याला शिकायचंय म्हणून त्याने ती परत मागितली, आणि मग दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकत मी 26 हजारांची स्वतःची घेतली. ऑनलाइन, हातात न धरता, एक स्वरसुद्धा न ऐकता. हे आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी ॲम्पला लावली तर ई तार पहिल्या पाच फ्रेटपर्यंत, म्हणजे तारेखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपर्यंत, खर्र खर्र करत होती. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. कारखान्यातून निघून गोडाऊन, ट्रक, पावसाळी हवा असं करत आलेलं लाकूड हलणारच, त्यासाठीच तर नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब मानेच्या, पोटात ट्रस रॉड, म्हणजे तिचा बाक कमीजास्त करणारा धातूचा दांडा असतो. ॲलन कीने पाव फेरा सैल केला, परत सुरात लावली, रात्रभर ठेवली, सकाळी पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून मधे बघितलं तर तार आणि फ्रेटमधे व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट आली होती, म्हणजे बरोबर. खरखर गेली. फ्रेटची टोकं तळव्याला टोचत होती ती बारीक कानशीने घासली. इथपर्यंत मी खूश होते.

मग प्रॅक्टिसला गेले. आमचा गायक काळी एकमधे गातो, बऱ्याच पुरुष गायकांची तीच पट्टी असते, त्यामुळे माझा खालचा सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर आणि वरचा सा जी तारेच्या सहाव्या फ्रेटवर. अभंगाच्या शेवटी सगळे थांबतात आणि मी तो वरचा सा धरून ठेवते, एवढीच माझी जागा असते पण ती माझी असते. वाजवला आणि तो गेला. म्हणजे सुरुवातीला ठण्ण आला आणि दीड सेकंदात संपला, आजूबाजूचे स्वर आरामात सात-आठ सेकंद टिकतायत आणि हा मधेच विझतोय. मला वाटलं माझंच बोट नीट बसत नाहीये. परत वाजवला. परत तेच. तबलजीने मान वर करून बघितलं.

घरी येऊन नव्या तारा घातल्या, 1800 रुपये गेले, काही फरक नाही. तारांचं कंपन पकडणारे पिकअप खाली केले, ॲक्शन म्हणजे तारांची उंची वाढवली, तरी नाही. शेवटी गिटार दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेली, त्यांनी काही न उघडता मला फक्त हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, भिंतीला टेकवायला सांगितला आणि म्हणाले, आता वाजव. आणि तो सा चक्क वाजला, लांब, भरलेला!

तेव्हा कळलं की याला डेड स्पॉट म्हणतात. नेकचं लाकूड स्वतःही एका ठरावीक कंपनाला थरथरतं, आणि तारेचा स्वर नेमका त्याच्या जवळ आला की तारेची ताकद लाकूड खाऊन टाकतं. माझा वरचा सा म्हणजे साधारण 139 हर्ट्‌झ, तोच सापडला. 1951 साली आलेल्या फेंडर प्रिसिजन बेसपासून 34 इंचाची तार आणि स्क्रूने जोडलेली लांब नेक हाच साचा सगळीकडे चालत आलाय, माझी त्या कंपनीची नाही पण साचा तोच, आणि अशा बेसमधे हा डाग बहुतेक वेळा जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास येतो. कुठे कमी, कुठे जास्त. माझ्यात फार जास्त आहे.

दुकानाला मेल केला. उत्तर आलं की हा दोष धरत नाहीत, लाकडाचा स्वभाव आहे, आणि परत करायचे सात दिवसही संपलेत. ते वाचून मला रडू आलं, खरंच. माझ्या आत्याने मिरजेहून तानपुरा आणला होता तेव्हा मी बरोबर होते, त्या कारागिराने तिच्यासमोर बसून तारांखालची घोडी घासत घासत जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला झणकार, काढली, तिला ऐकवली, तिने मान हलवली की परत थोडं घासलं, दुपार गेली त्यात. लाकडाला स्वभाव असतो हे त्यालाही माहीत होतंच की, म्हणून तर तो ऐकत होता. माझी बेस खोक्यात घालायच्या आधी एका माणसाने चार तारा वरपासून खालपर्यंत वाजवल्या असत्या तरी हे कळलं असतं.

काकांनी उपाय म्हणून हेडस्टॉकला सुताराचा छोटा क्लॅम्प लावायला सांगितला, वजन वाढलं की लाकडाचं कंपन खाली सरकतं. लावला. सा मोकळा झाला, पण डेड स्पॉट पाचव्या फ्रेटवर गेला, म्हणजे पांढरी एक, म्हणजे आमच्या पट्टीतला शुद्ध नी. तोच सा डी तारेवर अकराव्या फ्रेटवरही मिळतो, पण तिथे तो जाड आणि बंद वाटतो, जी तारेसारखा उघडा नाही. भैरवीत नी सहसा कोमल लागतो, तिथे क्लॅम्प लावून निभेल. पण शनिवारच्या कार्यक्रमात पहिली तिन्ही गाणी यमनमधली आहेत आणि यमनमधे नी मेला तर उरलं काय.

काल मित्राला फोन केला, एका दिवसासाठी जुनी बेस देशील का विचारलं. म्हणाला भाच्याचा क्लास सहाला सुटतो, त्यानंतर येऊन घेऊन जा.