चाकू कशाला, असे तुम्ही विचारलेत म्हणून

गेल्या अठरा-वीस वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की विचारणाऱ्याचा सूर मला पहिल्या शब्दालाच ओळखू येतो. "सर, तुम्ही खिशात चाकू कशाला बाळगता?" स्टाफरूममध्ये हा प्रश्न गमतीने येतो, लग्नकार्यात काळजीने येतो, आणि मेव्हण्याच्या तोंडून आला की 'या वयात' हे दोन शब्द न उच्चारताही त्यात ऐकू येतात. मी आजवर दिलेली बहुतेक उत्तरे अपुरी होती आणि एका प्रसंगी दिलेले उत्तर सरळ खोटे होते. ते मनातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

प्रथम जे कारण नाही ते बाजूला काढतो. मी चाकू स्वसंरक्षणासाठी बाळगत नाही. माझ्याकडचे बहुतेक चाकू जुन्या घडणीचे, मुठीच्या पाठीतल्या स्प्रिंगच्या ताणावर उघडे राहणारे आहेत. पात्यावरच्या खाचेत नख अडकवून, दोन्ही हात गुंतवून ते उघडावे लागतात, आणि टोकावर जोर आला तर पाते मिटून आपल्याच बोटांवर येते. असा चाकू घेऊन मारामारीला निघालेला माणूस दवाखान्यात सर्वांच्या आधी पोहोचेल. खटक्याचा रामपुरीही माझ्याकडे एक आहे, परंतु तो कपाटाबाहेर पडत नाही, कारण त्याचा आवाज ऐकून लोकांना जे आठवते ते हिंदी सिनेमाने इतके पक्के करून ठेवले आहे की त्यावर मी काही बोलण्यात अर्थ नाही. खुद्द रामपूर शहराने 2023 मध्ये एका चौकात सुमारे 20 फुटी चाकू अभिमानाने उभा केला. त्याच वर्षी मी साडेतीन इंचांहून लहान पात्यासाठी पोलीस चौकीच्या बाकावर बसलो होतो, ते पुढे येईलच.

दुसरे उत्तर उपयोगाचे. पेरू कापायला, पार्सलची चिकटपट्टी फाडायला, पेन्सिलीला टोक काढायला, आईच्या औषधाची गोळी अर्धी करायला, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला नोंदी ठेवण्याची खोड असते, म्हणून एका महिन्यात चाकू प्रत्यक्ष किती वेळा लागला हे मी वहीत लिहिले. एकतीस दिवसांत तो 44 वेळा उघडला गेला होता, आणि त्यातल्या जेमतेम सहा-सात वेळी दुसरे काही हाताशी नव्हते. एरवी कात्री शेजारच्या खणात होती, विळी ओट्याखाली होती, आणि तीन वेळा तर मी न कापताच चाकू उघडून मिटला होता. ती वही मी कोणाला दाखवली नाही.

तेव्हा खरे कारण एवढेच की मला तो आवडतो. संग्रहात आज 31 चाकू आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजलेल्या नळाच्या तोट्यांच्या ढिगात सापडलेला, पात्यावर तारा आणि क्रॉस कोरलेला, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रॉजर्स कंपनीचा चाकू आहे. कच्छमधल्या अंजारचा चप्पू आहे. जपानी शाळकरी मुले एके काळी ज्याने पेन्सिलींना टोक काढत, तो दुमडलेल्या पत्र्याच्या मुठीचा हिगोनोकामी आहे. रोज खिशात असतो तो मात्र फ्रान्समधल्या साव्हुआ प्रांताचा ओपिनेल, आठ नंबरचा. जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये घडवलेल्या या चाकूत विशेष म्हणावे असे काही नाही: बीचच्या लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंटिमीटरचे पाते, आणि ते अवचित मिटू नये म्हणून 1955 पासून मुठीच्या तोंडाशी बसवलेले फिरते कडे. पोलाद साधे कार्बनचे असल्यामुळे कैरी, लिंबू, पेरू असे जे जे कापाल त्याचे आम्ल पात्यावर निळसर करडा थर चढवते, आणि हा थर पुढे तांबड्या गंजाला थोडाफार अडवतो. खंडेनवमीला आई इतर हत्यारांबरोबर यालाही हळदकुंकू लावते. एका वर्षी ते ओले कुंकू रात्रभर तसेच राहिले आणि सकाळी पात्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा तपकिरी डाग दिसला. घासला असता तर तो निघाला असता, पण मी घासला नाही.

हे वाचून कोणी म्हणेल की छंद आहे, तर छंद म्हणावे आणि मोकळे व्हावे. माझे वडील हयात असते तर तेही हेच म्हणाले असते, कदाचित अधिक कडक शब्दांत. ते दापोलीकडे रोपवाटिकेत आंब्याची कलमे बांधत. पावसाळ्यात कोय रुजून वर आलेले तांबूस पानांचे कोवळे रोप डाव्या हातात धरून ते त्याचा शेंडा छाटत, देठ मधोमध चिरत, हापूसच्या काडीला दोन घावांत पाचरीचा आकार देत आणि ती खाचेत बसवून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळत. हे सगळे होईपर्यंत माझी वहीत तारीखही लिहून होत नसे. त्यांच्या कलमाच्या चाकूला एकाच बाजूने धार होती, कारण काप सपाट पडला नाही तर खुंट आणि काडी नीट भिडत नाहीत. त्या चाकूने दुसरे काहीही कापायचे नाही, हा घरचा नियम होता. मी दहा वर्षांचा असताना त्याने एक पेरू कापला, त्याची शिक्षा माझ्या कानाला अजून आठवते. पुढे मी नोकरीला लागल्यावर त्यांनी माझा संग्रह एकदाच पाहिला. सतरंजीवर मांडलेले तेव्हाचे बारा चाकू त्यांनी एकेक करून उघडले, अंगठ्याच्या नखावर धार पाहिली आणि विचारले, "यातला कामाचा कुठला?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांचा चाकू माझ्या एकतीस चाकूंशेजारी, बत्तिसाव्या जागेवर, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला आहे. तो मी मोजत नाही आणि खिशातही घालत नाही.

आता ती रात्र. 2023 चे साल पाती बाळगणाऱ्यांसाठी वाईट होते. वर्षाच्या सुरुवातीलाच पुण्यातल्या कोयता गँगच्या, म्हणजे कोयते नाचवून दहशत माजवणाऱ्या टोळक्यांच्या, बातम्या घरोघरी पोहोचल्या होत्या आणि तिथे कोयता विकत घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहावे, असे दुकानदारांना सांगितले गेले होते. मी पुण्यात राहत नाही, पण धास्ती सगळीकडे होती. तरीही मी निर्धास्त होतो, कारण शस्त्र नियमांतला मजकूर मला पाठ होता: पाते 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्र, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती वगळलेली. हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडावर फेकले होते की त्याची मला थोडी नशाच होती.

अनंत चतुर्दशीला दोन दिवस उरले असताना, रात्री साडेअकराच्या सुमारास, मी एका सहकाऱ्याकडची आरती आटोपून स्कूटरवरून घरी येत होतो. नाकाबंदी होती. डिकी उघडायला लावली, मग खिसे रिकामे करायला लावले. रुमाल, किल्ल्या, खडूचा तुकडा आणि ओपिनेल. हवालदाराने तो उघडला, कडे फिरवले, पाते मिटते का पाहिले आणि ते मिटले नाही, तेव्हा बॅटरी माझ्या चेहऱ्यावर धरली.

"काय आहे हे?"

"चाकू आहे."

"ते दिसतंय. कशाला?"

तोच प्रश्न. फरक इतकाच की या वेळी विचारणाऱ्याला उत्तर मिळेपर्यंत मला जाता येणार नव्हते. मी पेरू म्हणालो. रात्रीच्या साडेअकरा वाजता, भर पावसाळी हवेत, पन्नाशी उलटलेला माणूस पेरू म्हणतो, हे त्यांना हसू येण्यासारखेच होते आणि ते हसले. मग मला चौकीत नेऊन भिंतीलगतच्या लाकडी बाकावर बसवले.

बाकावर आधीपासून एक मुलगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. त्याच्या पायांशी प्लॅस्टिकची पिशवी होती आणि तिच्यातले सामान टेबलावर काढून ठेवले होते: तिखट-मिठाची झाकणाची डबी, लाकडी काड्यांचा जुडगा, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला, वीतभरापेक्षा बराच लांब, पातळ पात्याचा चाकू. फडके अननसाच्या रसाने पिवळे पडले होते आणि त्याचा गोड, किंचित आंबूस वास त्या खोलीत पसरला होता. त्याला विचारले गेले तेव्हा तो म्हणाला, "अननस कापायला, साहेब. गाडी मंडळाच्या मांडवाजवळ लावतो. गाडीवर ठेवला तर चोरीला जातो." खोलीत त्या उत्तराची साक्ष देणारा वास भरून राहिला होता. तरी कोणी काही बोलले नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी नऊ इंचांचे वाक्य काढले. उपनिरीक्षक तरुण होते आणि सभ्य होते. ते म्हणाले, "सर, ते शस्त्र कायद्याचं झालं. सध्या पोलीस कायद्याचा सदतीस-एक लागू आहे. त्यात चाकू आहे, काठीसुद्धा आहे." मी खाली पाहिले. 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातले, ठरावीक काळापुरती अशा वस्तू बाळगायला मनाई करणारे हे कलम मला माहीत नव्हते. इतकी वर्षे मी निम्माच कायदा पाठ करून फिरत होतो. त्यांनी माझे महाविद्यालयाचे ओळखपत्र मागितले, ते पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. कोणत्या विषयाचे प्राध्यापक, असे विचारले. चहा आला. एका वहीत माझी सही घेतली गेली आणि चाकू माझ्या हातात परत देताना ते म्हणाले, "सणाचे दिवस आहेत सर, घरी ठेवत जा." सगळे मिळून पाऊण तास.

मी उठलो तेव्हा मुलगा तिथेच होता. त्याने माझ्याकडे पाहिले, म्हणजे माझ्या हातातल्या चाकूकडे पाहिले. कामासाठी घडवलेली पाती वगळली आहेत, हा नियमाचा उत्तरार्ध, जो मला झोपेतही म्हणता आला असता, तो त्या खोलीत लागू पडलाच असता तर सर्वांत आधी त्याला लागू पडला असता. त्याचा चाकू कामाचा होता, वडिलांना अपेक्षित असलेल्या अर्थाने कामाचा होता, आणि माझा नव्हता. मी ते वाक्य उच्चारले नाही. मी ओपिनेल खिशात टाकला, 'येतो' म्हणालो आणि स्कूटर सुरू केली.

स्वतःची बाजू मांडायची तर ती आहे. सदतीस-एक लागू असताना माझ्या वाक्याने काही झाले नसते. मी वकील नाही. चहा देणाऱ्या माणसाशी वाद घालून मी स्वतःही अडकलो असतो, आणि घरी आई एकटी होती. यातले प्रत्येक विधान खरे आहे आणि ही सगळी विधाने मला घरी पोहोचल्यानंतर सुचली. चौकीत मी एवढाच विचार करत होतो की पात्याला टेबलावरचा चहा लागला आहे आणि तो लवकर पुसला पाहिजे.

पुढचे अधिक लाजिरवाणे आहे. ही हकीकत मी दिवाळीपर्यंत स्टाफरूममध्ये विनोद म्हणून चार-पाच वेळा सांगितली. पेरूचा संवाद मी रंगवत असे, हवालदाराचा आवाज काढत असे, आणि लोक पोट धरून हसत. मुलगा तिच्यात नव्हता. एकदा आमचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, कपबशा उचलता उचलता थांबले आणि त्यांनी विचारले, "सर, तुम्ही एकलेच होता का तिथं?"

मी "हो" म्हणालो. हेच ते खोटे उत्तर.

त्यांनी का विचारले हे मला कळले नाही. कदाचित सहज विचारले असेल. पण त्यानंतर मला ती गोष्ट रंगवता येईना, आणि पुढच्या वेळी कोणी 'सांगा ना सर' म्हणाले तेव्हा मी तासाची वेळ झाली म्हणून उठलो. त्या मांडवाजवळून मी नंतर अनेकदा गेलो. अननसाची गाडी कधी दिसते, कधी दिसत नाही, आणि गाडीवर उभा असलेला मुलगा तोच की दुसरा, हे मी खात्रीने सांगू शकत नाही, कारण मी त्याचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता, चाकू मात्र मला नीट आठवतो.

ब्रिटनमध्ये 1988 च्या कायद्याने 3 इंचांपर्यंतच्या, पाते अडकून न राहणाऱ्या घडीच्या चाकूला कारण विचारले जात नाही. पूर्वी हे मी मोठ्या हौसेने सांगत असे, जणू तो आमच्यासारख्यांचा विजय होता. माझा ओपिनेल कड्यामुळे आणि लांबीमुळे त्यातही बसत नाही, ही गोष्ट मी गाळत असे. आता ते सांगावेसेही वाटत नाही. कशाला, हे विचारले जाऊ नये असे मला अजूनही वाटते. मात्र ते कोणाला विचारले जात नाही आणि कोणाला रात्रभर विचारले जाते, हे पाहिल्यावर माझी तक्रार मलाच जरा फुकटची वाटते. तरीही तुम्ही विचारता तेव्हा चीड येते. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही.

गेल्या गणेशोत्सवात दहाही दिवस चाकू घरी ठेवला. हात सवयीने खिशाकडे जाई आणि रिकामा परत येई. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या मांडवात प्रसादाचे खोके उघडायचे होते, आणि माझा लौकिक माहीत असल्यामुळे चार जणांनी एकदम माझ्याकडे पाहिले. मी रिकामे हात दाखवले. कोणीतरी स्कूटरच्या किल्लीने चिकटपट्टी फाडली, पेढे वाटले गेले, काहीही अडले नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, महाविद्यालयात निघताना, मी ओपिनेल पुन्हा खिशात टाकला.